शिरगावचा किल्ला आणि कामांची यादी



पालघरजवळ शिरगावच्या किनाऱ्यावर एक किल्ला आहे.
एकेकाळी तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.

1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतलं.
त्यांची वसई मात्र हाती येईना.

मग मराठ्यांचे सेनापती चिमाजी आप्पांनी वसईचे आधार तोडायचं ठरवलं.
1739 च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव घेतलं.
पाठोपाठ तारापूर.

मे महिन्यात वसई शरण आली.

वसई घेणं ही मोहीम, शिरगाव घेणं हे त्यातलं एक काम.
आता घरातली कामांची वही उघडून पाहा.
‘घर रंगवणे’ असं लिहिलेलं असतं.
महिनोन्महिने तसंच.
त्याला लगेच आळस म्हणू नये.
कारण ते काम नाहीच. ती मोहीम आहे.

रंगाऱ्याला फोन करणं, हे काम.
त्याला भिंतीची ओल दाखवणं, हे काम.
किनाऱ्यावरच्या घरात तर हे आधी!

म्हणून मोहिमा एका पानावर, कामं दुसऱ्या पानावर.
पुन्हा सांगायचं तर,
मोहिमा वेगळ्या, कामं वेगळी.
आणि प्रत्येक मोहिमेचं फक्त पुढचं एक काम लिहायचं.

फोनची कामं एकत्र लिहिली,
की पालघर स्थानकात गाडीची वाट पाहतानाही ती उरकतात.

रविवारी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघावीत.
एखाद्या मोहिमेचं पुढचं काम लिहायचं राहिलं असेल,
तर ते तेव्हाच लिहून टाकावं.