मोडीचा भाव आणि भांड्याची किंमत

चुलीवर काही ठेवलं असेल तर आच जरा मंद करा आणि पंधरा मिनिटं आमच्याकडे लक्ष द्या.

आपल्याकडे जुनं सामान घराबाहेर पडतं ते वर्षातून दोन वेळा. एक दिवाळीच्या तोंडावर, माळे साफ करताना. आणि दुसरं जूनमध्ये, शाळा उघडतात तेव्हा. पहिल्या वेळी जागेची अडचण असते, दुसऱ्या वेळी पैशाची. भंगारवाल्याला हे दोन्ही हंगाम आपल्यापेक्षा चांगले पाठ आहेत. नेमका तेव्हाच तो गल्लीत दिसतो.

तो चोर आहे असं आम्ही म्हणणार नाही. त्याचा धंदा वितळवायच्या मालाचा आहे. तुमच्या आजेसासूबाईंनी लग्नात आणलेलं घंगाळ त्याच्या लेखी घंगाळ नाही, चार किलो पितळ आहे. त्याला ते पोत्यात घालून तालुक्याला न्यायचं, तिथल्या मोठ्या दुकानदाराला द्यायचं, गाडीचं पेट्रोल काढायचं आणि वर चार पैसे मिळवायचे. त्यामुळे तो सांगतो तो भाव म्हणजे त्या वस्तूला मिळू शकणारा सगळ्यात खालचा भाव असतो. आपण मात्र तीच तिची किंमत समजून बसतो.

आपल्या सासवांच्या पिढीने पितळेचे हंडे देऊन स्टीलचे डबे घेतले. त्यात त्यांची समजूत कमी पडली असं नाही. कल्हई लावायची कटकट नाही, चिंचेने घासायला नको, हलकं भांडं, विहिरीवरून आणायला सोपं. पण त्या अदलाबदलीत कोणी वजनाचा हिशेब मागितला नाही, आणि तीच सवय आपल्याला लागली.

तर आधी धातू ओळखायला शिकू. पहिलं हत्यार लोहचुंबक. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलंसुद्धा चालेल. भांड्याला चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वर फक्त पितळेचा मुलामा. नाही चिकटलं, तर भांडं उलटं करा आणि बुडाच्या कडेला, जिथं कोणाला दिसणार नाही तिथं, खिळ्याने बारीक ओरखडा काढा. आत लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. हे कल्हई केलेल्या भांड्यांना मुद्दाम करायचं, कारण कल्हईमुळे तांब्याचं पातेलं आतून पांढरं दिसतं, बाहेरून काजळीने काळं असतं, आणि ‘जर्मनचं दिसतंय’ म्हणून निघून जातं. जर्मन, म्हणजे अल्युमिनियम, हातात घेतलं की लगेच कळतं. तेवढ्याच आकाराचं तांब्याचं भांडं त्याच्या तिप्पट जड लागतं.

आणि तिसरं कासं. इथं सगळ्यात जास्त बाया फसतात. कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. कथील महाग, म्हणून काशाला पितळेपेक्षा भाव जास्त. दिसायला दोन्ही पिवळसरच. मग ओळखायचं कसं? वाटी बोटांच्या टोकांवर धरा आणि चमच्याने टोला द्या. पितळ ‘टक्’ करून गप्प होतं, काशाचा नाद बराच वेळ घुमत राहतो. देवळातल्या घंटेसारखा. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी शहरात आज नवी घ्यायला गेलात तर चांगले पैसे मोजावे लागतात, आणि आपल्याकडे त्याच वाट्या पितळेच्या ढिगात पडतात.

आता काटा. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली जवळ ठेवा. एक लिटर पाणी एक किलो भरतं, वर बाटलीचे वीस-पंचवीस ग्रॅम. भांडं तोलण्याआधी ती बाटली काट्याला लावायला सांगा. एक किलोच्या आत काटा थांबला, तर पुढचं बोलायची गरज नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असावा लागतो, तोही विचारायला लाजू नका. आमच्या एका गटातल्या मावशी बाटली हातात घेऊनच दारात येतात. आता त्यांच्या आळीत काटा बरोबर असतो.

हे झालं मोडीचं. मोडीच्या वर किंमत कधी जाते? जेव्हा घेणाऱ्याला धातू नको असतो, भांडं हवं असतं. असे लोक आहेत. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही नावं तुम्ही ऐकली असतील. शिवाय कृषी पर्यटन केंद्रं, गावरान जेवणाची हॉटेलं, फ्लॅटमध्ये राहणारी हौशी माणसं. ज्या घंगाळात बाळंतिणीचं पाणी काढलं जायचं त्यात आता शोभेचं झाड लावतात. आपल्याला हसू येतं, येऊ दे. पैसे त्यांचे आहेत.

आणि आपल्या घरातल्या वस्तू काही साध्या नाहीत. पुण्याचे दिनकर केळकर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी, दाराच्या चौकटी गोळा करत राहिले. पुढं १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला दिला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून जे बघतात, त्यातलं बरंचसं कोणाच्या तरी स्वयंपाकघरातूनच आलेलं आहे.

अशा गिऱ्हाइकासाठी काय बघायचं? वस्तू पूर्ण हवी. बंब असेल तर त्याची तोटी, झाकण, खालची जाळी. डब्याला त्याचंच झाकण. समया असतील तर जोडी, एक सुटी विकू नका. हाताने ठोकलेल्या भांड्यावर हातोडीच्या बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात, त्याला मान आहे. भांड्यावर नाव आणि साल घातलेलं असेल तर ते घासून काढू नका. ‘अमक्यांजकडून सौ. तमकीस’ आणि खाली साल, एवढ्यावरून भांड्याचं वय कळतं. तसंच शेरा-अधशेराची मापं. दशमान वजनं-मापं आपल्याकडे १९५८ पासून यायला लागली, म्हणजे शेराचा शिक्का असलेलं माप बहुधा त्याच्या आधीचं. आणि कृपा करून विकायच्या आधी ॲसिड लावून किंवा मशीनवर घासून भांडं चकचकीत करू नका. जुनेपणा उतरला की राहतं ते मोडीचंच पितळ. कोमट पाणी, चिंच, मऊ फडकं, एवढं पुरे. पाणी भरून रात्रभर ठेवा. गळत असेल तर तसं सांगून विका.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरा, भाव रोज बदलतात. समजा पितळेच्या मोडीचा भाव किलोला ४०० आहे आणि घंगाळ ४ किलोचं. म्हणजे १,६०० रुपये. दारावरचा माणूस काय करतो? साडेतीन किलो भरवतो, ‘चेपलंय’ म्हणून ३०० लावतो, आणि १,०५० हातावर ठेवतो. इथंच ५५० रुपये गेले. तालुक्याच्या दुकानात नीट तोलून दिलं असतं तरी ते वाचले असते.

पुढं समजा शहरातला जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याच घंगाळाचे २,२०० देतो. ऐकायला छान वाटतं. पण दोघीजणी गेल्या, एस.टी.चं अर्धं तिकीट धरलं तरी सामानाचं भाडं, रिक्षा, चहा-जेवण मिळून ५०० रुपये लागले. हातात राहिले १,७००. मोडीपेक्षा फक्त १०० जास्त आणि अख्खा दिवस गेला, वर रोजगार बुडाला तो वेगळा. एका भांड्यासाठी शहर गाठणं परवडत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आठजणींची आठ भांडी एकदम नेली तर तोच खर्च एकीला ६२ रुपये पडतो आणि प्रत्येकीला मोडीच्या वर पाचशेच्या पुढं मिळतात. म्हणून हे काम गटाचं आहे, एकटीचं नाही.

व्यापाऱ्याकडे नेण्याआधी एक युक्ती करा. शहरातल्या भाचीला किंवा पुतणीला आधी गिऱ्हाईक म्हणून पाठवा. ‘असं घंगाळ केवढ्याला?’ एवढंच विचारायचं. तो ३,५०० म्हणाला तर आपल्याला ३,५०० मिळणार नाहीत, त्यालाही दुकानभाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो. पण मग तो ‘याला कोण विचारतं’ म्हणून १,२०० सांगायला लागला तर आपण भांडं उचलून पुढच्या दुकानात जाऊ शकतो. तीन दुकानं विचारल्याशिवाय देऊ नका.

हत्यारांची गोष्ट वेगळी आहे. ती शोभेसाठी कमी आणि कामासाठी जास्त विकली जातात. आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक सुतारकाम करायचे. ते गेले. पेटी दोन वर्षं पडवीत होती, गंजत. दीर म्हणाले, भंगारात घाला. पेटीतलं लोखंड १४ किलो, भाव ३०, म्हणजे ४२० रुपये. ताईंचं मन होईना. पेटीकडे बघवत नव्हतं आणि टाकवतही नव्हती.

गटाच्या बैठकीत आम्ही ती पेटी उघडली. एकेक हत्यार डिझेलमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, वर तेलाचा हात फिरवला. ग्राइंडरला लावायचं नाही हे गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बजावलं होतं, पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नव्या हत्यारांच्या किमती लिहून आणल्या. पातं भरपूर शिल्लक असेल तर नव्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करायची असं ठरलं. चार पटाश्या १२० प्रमाणे ४८०, दोन रंधे ४५० प्रमाणे ९००, करवत १५०, गिरमिट २००, शिकंजा ६००. झाले २,३३०. घेणारे आसपासच्या गावांतले नवे सुतार होते, त्यांनी प्रत्येक पातं अंगठ्यावर घासून बघितलं. एकजण म्हणाला, मिस्त्रींच्या हातची पटाशी आहे, घासाघीस करत नाही. वाकस ताईंनी विकली नाही. ती मुलासाठी ठेवली आहे. मुलगा मोबाईल दुरुस्तीचं शिकतोय, तरी ठेवली आहे.

आता वस्तू कोणाची, हा प्रश्न. रुखवतात आलेली, माहेरची, तुम्हाला भेट मिळालेली भांडी हे तुमचं स्त्रीधन आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे की स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, ती सासरी नांदते म्हणून ते नवऱ्याचं होत नाही. तेव्हा तुम्ही शेतात असताना कोणी तुमचा हंडा परस्पर काढत असेल तर त्याला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. तसंच उलटही. देव्हाऱ्यातले टाक, घराण्याची समई, जावांच्या सामाईकीतला बंब आपण एकटीने गटात आणायचा नाही. सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे झाल्याशिवाय आम्ही वहीत नोंद करत नाही. यावरून एका घरात दोन जावांचा अबोला झाला होता. बंब परत माळ्यावर गेला, अबोला अजून आहे.

काही वस्तूंना गट हातच लावत नाही. मूर्ती, कोरीव दगड, ताम्रपट, जुनी नाणी, हस्तलिखित पोथ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्याची मर्यादा आहे फक्त १० रुपये. इंग्रजांच्या काळातले १० रुपये, अजून तेच. आणि ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद असतील तर रद्दीत तर मुळीच घालू नका. जमिनीचा वाद असो की मुलांचा जातीचा दाखला, तो चिटोरा उद्या कामाला येतो.

गटाची पद्धत अशी. आम्ही वस्तू विकत घेत नाही. वहीत मालकिणीचं नाव, धातू, वजन, खोट असेल तर ती, आणि ‘याच्या खाली द्यायचं नाही’ असा तिने सांगितलेला आकडा लिहितो. फोटो काढतो. विकली गेली की शंभराला दहा रुपये गटाला, बाकी तिच्या स्वतःच्या खात्यात. प्रवासखर्च सगळ्यांत वाटून. सहा महिन्यांत गेली नाही तर वस्तू परत.

आणि पैशाची निकड आजच असेल तर? वहीपुस्तकांना १,५०० हवेत आणि भंगारवाला दारात उभा आहे. आधी गटाकडे या. शेकडा दोनने तीन महिन्यांचं अंतर्गत कर्ज घेतलं तर व्याज होतं ९० रुपये. दारात ५५० घालवण्यापेक्षा हे ९० परवडतात, आणि भांड्याला गिऱ्हाईक शोधायला तीन महिने मिळतात. अशा कर्जासाठी सचिव ताईंना अर्ज लिहायला सांगायचं, दोघींचा जामीन द्यायचा, की बैठकीत लगेच निर्णय होतो.

येत्या मासिक बैठकीत आम्ही तपासलेला काटा आणि लोहचुंबक घेऊन येणार आहोत. विकायचं नसलं तरी एकेक भांडं घेऊन या, टोला मारून बघू. वाट्या विसरू नका.