उत्तर लॉक होण्याआधी



3 जुलै 2000 रोजी रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, आणि तेव्हापासून मी या खेळाची चाहती आहे. मूळ खेळ ब्रिटनचा, 1998 सालचा. आपल्याकडे तो उभा केला सिद्धार्थ बासूंनी. दूरदर्शनवरच्या ‘क्विझ टाइम’ या प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालक तेच. एक कोटीच्या बक्षिसाबद्दल आणि अमिताभ बच्चन यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला धरून ठेवलं ते या खेळाच्या रचनेनं, आणि आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

इतर बहुतेक प्रश्नमंजूषांमध्ये बझर दाबला की उत्तर द्यावंच लागतं. इथे तसं नाही. आधी प्रश्न दिसतो, चारही पर्याय दिसतात, आणि मग स्पर्धकानं ठरवायचं, उत्तर द्यायचं की जमलेले पैसे घेऊन उठायचं. त्यामुळे पडद्यावरच्या प्रश्नाखाली न लिहिलेला आणखी एक प्रश्न असतो: मला हे नक्की माहीत आहे, की नुसतं वाटतंय? पहिल्या पर्वात हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंत 15 प्रश्न होते आणि मध्ये दोन पडाव, 10,000 आणि 3,20,000. पन्नास लाख हातात असताना शेवटचं उत्तर चुकलं, तर माणूस थेट 3,20,000 वर येणार. म्हणजे 46,80,000 रुपये एका पर्यायावर लावायचे. अशा वेळी माणूस आपल्या ज्ञानाची जी झाडाझडती घेतो, ती पाहायला मी बसते.

2000 च्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. मुंबईचा, प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारा हा तरुण. शेवटचा प्रश्न होता, राज्यघटना यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेऊ देते? पर्याय होते सॉलिसिटर जनरल, अ‍ॅटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश. उत्तर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे आपला महान्यायवादी. घटनेच्या 88 व्या अनुच्छेदाप्रमाणे तो दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. हा प्रश्न मला आजही फार उत्तम वाटतो. सरन्यायाधीशांचं पद मोठं म्हणून मन तिकडे ओढ घेतं. सॉलिसिटर जनरल तर अ‍ॅटर्नी जनरलच्या शेजारीच उभा! ज्यानं घटना नुसती चाळली आहे तो इथे अडखळतो, वाचली आहे तो तरतो. चांगला प्रश्न काढणाऱ्याचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

अडलेल्या स्पर्धकाला मदतीसाठी मिळणाऱ्या लाइफलाइनमध्ये मला सगळ्यांत प्रिय ती प्रेक्षकांचं मत घेणारी. सोप्या प्रश्नांना ती सहसा धोका देत नाही. त्याचं कारण साधं आहे. ज्यांना उत्तर येतं, त्यांची मतं एकाच पर्यायावर जमतात. ज्यांना येत नाही, त्यांची चारही पर्यायांत विखुरतात. म्हणून थोड्या जाणकारांनीही खरं उत्तर वर येतं. पण प्रश्न कठीण झाला, की न जाणणारे एखाद्या ओळखीच्या नावाकडे घोळक्यानं वळतात आणि मतांच्या आलेखातला तोच उंच स्तंभ फसवा ठरतो. म्हणून ही लाइफलाइन फार वरच्या पायरीसाठी राखून ठेवणारा स्पर्धक पाहिला, की जीव कासावीस होतो. 2020 साली करोनामुळे स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते, तेव्हा ही लाइफलाइनही गेली होती. त्या पर्वात मला तिची उणीव रोज जाणवली.

मराठीतही हा खेळ आला. 2013 साली सचिन खेडेकर, 2019 साली नागराज मंजुळे यांनी तो आपल्या भाषेत खेळवला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पर्याय ओरडून सांगायची मुभा मिळाली.

2019 सालीच हिंदी खेळात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर आल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला 1,500 रुपये मिळवणाऱ्या. एक कोटीचा प्रश्न 1857 च्या उठावावरचा होता: बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणी ‘दास्तान-ए-गदर’ लिहिलं? जहीर देहलवी, हे बरोबर उत्तर त्यांनी दिलं. एव्हाना बक्षीस वाढलं होतं, त्यामुळे पुढचा प्रश्न सात कोटींचा. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर बिहार, झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघे तिथे राज्यपाल होते. ताडेबाईंनी तो प्रश्न वाचला, तोलला आणि खेळ सोडला. एक कोटी जिंकलेल्या माणसाला ‘हे मला नक्की ठाऊक नाही’ असं म्हणता येणं, ही माझ्या लेखी त्या रात्रीची मोठी खेळी होती. आमच्याकडे टाळ्या पडल्या, त्या याच क्षणाला.

माझी एकच मागणी आहे, आणि ती हा खेळ घडवणाऱ्यांकडे आहे. स्पर्धकाच्या गावाची, घरच्यांची चित्रफीत दाखवा. ती मीही मन लावून पाहते. पण तो पर्यायांशी झगडत असताना त्याचं बोलणं कापू नका. ‘क’ का खोडला, ‘ब’पाशी का थांबला, आधी काय वाटत होतं आणि मन कशानं फिरलं, हे सगळं आम्हाला शेवटपर्यंत ऐकू द्या. त्याला वेळ लागला, तर लागू द्या.