फ्लूची लस आणि आपलीं नित्याचीं औषधें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत ज्येष्ठांच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



या महोत्सवी वर्षांत आपल्या देवळांत पुष्कळ भाषणें झालीं. कोणीं देवळाचा इतिहास सांगितला, कोणीं पूर्वजांच्या श्रद्धेची थोरवी वर्णिली, कोणीं शाळेच्या व गायनमंडळाच्या वाढीचा वृत्तांत दिला. आज महोत्सव समितीनें आम्हांस ज्येष्ठांपुढें दोन शब्द बोलावयास सांगितलें, आणि आम्हीं जो विषय निवडला तो ऐकून कांहीं सभासदांस हसूं आवरेना. विषय असा: मधुमेहाचें अथवा वजन उतरविण्याचें औषध चालू असतां फ्लूची लस घ्यावी कीं घेऊं नये?

धर्मगुरूनें वैद्याच्या शेतांत कां शिरावें, असें कोणी विचारील. आम्ही वैद्य नाहीं, व वैद्याचा अधिकारहि सांगत नाहीं. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, हा प्रश्न दवाखान्यांत विचारला जाण्यापूर्वीं मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर विचारला जातो. आणि तेथें मिळणारें उत्तर बहुधा चुकीचें असतें. तसलें एक उत्तर आम्हीं स्वतः एकदां खरें मानलें. म्हणून इतरांस उपदेश करण्याआधीं आम्ही आमचाच दोष आपणांपुढें मांडतों.

आम्हांस मधुमेह जडून बरींच वर्षें झालीं. रोज मेटफॉर्मिनच्या गोळ्या, आणि आठवड्यांतून एकदां पोटावर टोचून घेण्याचें औषध, असा आमचा नेम आहे. २०२२ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या डॉक्टरांनीं फ्लूची लस घेण्यास सांगितलें होतें. त्याच सुमारास एका जाणत्या गृहस्थांनीं आम्हांस बजावलें कीं, "फादर, आठवड्याला एक सुई चालू आहे, तीवर दुसरी सुई नको. दोन औषधें अंगांत भांडतात." डॉक्टरांस एक शब्द विचारून खात्री करून घ्यावी, एवढेंहि आम्हांस सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांस सबबच हवी होती, ती मिळाली. लस राहिली ती राहिलीच.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही नेहमींप्रमाणें आजाऱ्यांस व वृद्धांस ख्रिस्तशरीर देण्यास घरोघर गेलों. त्या दिवशीं अंगांत कांहींच कसर नव्हती. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आलें. तपासणींत फ्लू निघाला. अन्न जाईना, वांत्या होऊं लागल्या. गोळ्या चालू ठेवाव्या कीं थांबवाव्या हें कोणास न विचारतां आम्हीं मनाला येईल तसें केलें. अंगांतलें पाणी आटलें, रक्तांतली साखर चारशेंच्या वर गेली, आणि चार दिवस रुग्णालयांत काढावे लागले.

आमचें दुखणें गेलें. परंतु त्या शुक्रवारीं ज्या घरीं आम्ही गेलों होतों त्यांपैकीं एका घरचे वृद्ध गृहस्थ, जे इन्शुलिनवर होते व ज्यांनीं आमच्यासारखीच लस घेतली नव्हती, तेहि त्याच आठवड्यांत फ्लूनें पडले. फुप्फुसांस सूज आली. दोन आठवड्यांनीं ते घरीं परतले, परंतु पुन्हा देवळाची पायरी चढले नाहींत. नाताळापूर्वीं ते प्रभुघरीं गेले. त्यांस हा रोग आमच्याकडूनच लागला असें कोणीहि सिद्ध करूं शकणार नाहीं. पावसाळा होता, साथ होती. परंतु फ्लूचा रोगी ताप येण्याच्या एक दिवस आधींपासूनच दुसऱ्यास रोग देऊं शकतो, हें आम्हांस नंतर कळलें. त्यांच्या कन्येनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "फादर, तुम्ही त्या दिवशीं आलांत म्हणून बाबांना फार बरें वाटलें होतें." हें वाक्य आम्हांस अजून विसरतां येत नाहीं.

असो. आतां मूळ विषयाकडे वळूं.

फ्लू म्हणजे साधें पडसें नव्हे. १९१८ सालीं हाच रोग जून महिन्यांत मुंबई बंदरांतून देशांत शिरला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. तेव्हां त्याचें खरें कारणहि ठाऊक नव्हतें. मनुष्यास फ्लू आणणारा विषाणु १९३३ सालीं लंडन येथें शोधून काढण्यांत आला, आणि १९४५ सालीं अमेरिकेंत सामान्य जनांस प्रथम लस मिळाली. इकडे मधुमेहावरील इन्शुलिन टोरोंटो येथें १९२१ सालीं सांपडलें. ज्यांच्या पूर्वजांपाशीं या दोहोंपैकीं एकहि साधन नव्हतें, त्या आपण दोन्ही हातीं असतां एकास दुसऱ्याचें वैरी ठरवावें, हें नवल नव्हे काय?

आपल्या देशांत मधुमेह्यांची संख्या किती वाढली आहे हें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीवरून दिसून आलें: सुमारें दहा कोटी लोक. आपल्या धर्मग्रामांत तर ज्या घरीं ग्लुकोमीटर नाहीं असें घर शोधावें लागेल. अशा माणसास फ्लू झाला तर तीन संकटें एकदम येतात. रक्तांत साखर वाढलेली असली कीं रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी मंदावतात. ताप आला कीं साखर आणखी चढते. आणि फ्लूमागून फुप्फुसांची सूज येण्याचें भय इतरांपेक्षां अधिक असतें. हृदय व मूत्रपिंड आधींच थकलेलीं असलीं तर त्यांवरहि ताण पडतो. फार स्थूल देह असणाऱ्यांसहि हा रोग अधिक जड जातो. म्हणजे ज्यांस ही लस सर्वांत अधिक हवी, तेच औषधाची सबब सांगून ती टाळीत आहेत!

आतां औषधें अंगांत भांडतात काय, तें पाहूं. टोचण्याच्या लशींत मेलेल्या विषाणूचे अंश अथवा त्याच्या आवरणांतील प्रथिन असतें. तें दंडाच्या स्नायूंत टोचलें कीं शरीराच्या रक्षक पेशी त्यास ओळखावयास शिकतात, व सुमारें दोन आठवड्यांत पुरेशीं प्रतिद्रव्यें तयार होतात. मेटफॉर्मिनचें मुख्य काम यकृतांत आहे. तें साखर कमी बनवूं देतें. इन्शुलिन साखरेस पेशींचें दार उघडून देतें. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड हीं जीं नवीं औषधें मधुमेहास व वजनास दिलीं जातात, तीं आंतड्यांत उत्पन्न होणाऱ्या रसांचें अनुकरण करून भूक मंद करितात, व अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकवितात. लस जठरांतून जातच नाहीं. मग जठराच्या संथपणाचा तिच्याशीं संबंध काय? दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. लशीसाठीं यांपैकीं एकहि औषध थांबवावें लागत नाहीं, आणि औषधासाठीं लस टाळावी लागत नाहीं. उलट लशीच्या नांवाखालीं इन्शुलिन अथवा गोळी चुकविणें हेंच खरें संकट होय.

पायऱ्यांवर आम्हांस जे प्रश्न विचारले जातात त्यांचीं उत्तरें, आम्हीं डॉक्टरांकडून समजून घेतलीं तशीं, येथें देतों.

पहिला प्रश्न: आठवड्याची सुई व लस एकाच दिवशीं चालेल काय? चालेल. मात्र जागा वेगळी असावी. लस दंडांत, तर औषध पोटावर अथवा मांडीवर. परंतु एक व्यावहारिक सूचना ध्यानांत ठेवावी. त्या औषधानें कित्येकांस मळमळ होते, विशेषतः नवें सुरू केलें असतां अथवा मात्रा वाढविली असतां. आणि लशीनेंहि एखाददुसरा दिवस अंग दुखूं शकतें, किंचित् कणकण येऊं शकते. कोणता त्रास कशाचा हें समजावें म्हणून दोहोंत एकदोन दिवसांचें अंतर ठेवलें तर सोयीचें. हा नियम नव्हे, केवळ सोय आहे.

दुसरा प्रश्न: लशीनें साखर वाढते काय? कोणा कोणाची एकदोन दिवस थोडी वाढते. तेवढे दिवस नेहमींपेक्षां अधिक वेळां तपासावी, पाणी पुरेसें प्यावें, आणि भूक मंद असली तरी उपाशी राहूं नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनीं व साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं उपाशीपोटीं लसीस जाऊं नये.

तिसरा प्रश्न: नाकांत फवारण्याची लस चालेल काय? तींत जिवंत परंतु दुबळा केलेला विषाणु असतो. मधुमेह्यांनीं ती न घेतां टोचण्याचीच घ्यावी, असा सामान्य सल्ला आहे.

चौथा प्रश्न: लशीनेंच फ्लू होतो काय? नाहीं. टोचण्याच्या लशींत जिवंत विषाणु नसतो. लस घेतल्यावर चारच दिवसांनीं कोणास फ्लू झाला, तर प्रतिद्रव्यें तयार होण्यापूर्वींच रोगानें गांठलें, एवढाच त्याचा अर्थ.

पांचवा प्रश्न: मग लस घेतल्यावर फ्लू मुळींच होणार नाहीं ना? असें वचन आम्ही देणार नाहीं. लस व साथीचा विषाणु यांची जुळणी चांगली असते त्या वर्षीं डॉक्टरकडे जावें लागण्याजोगा फ्लू शंभरांत चाळीस ते साठांनीं टळतो. आणि ज्यास लस घेऊनहि फ्लू होतो त्याचें दुखणें बहुधा सौम्य राहतें. छत्री घेतली म्हणून पाऊस थांबत नाहीं, आणि पायहि थोडे भिजतात. तरी कोणी पावसाळ्यांत छत्री घरीं ठेवीत नाहीं.

लस दरवर्षीं कां, असेंहि विचारलें जातें. हा विषाणु आपलें रूप पालटीत राहतो, आणि आपल्या अंगांतील संरक्षणहि महिन्यामहिन्यानें ओसरतें. जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां कोणते प्रकार लशींत घालावे हें सुचविते. आपल्याकडे फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यांत, व दुसरा थंडीच्या अखेरीस असतो. म्हणून पास्काचा सण झाला कीं लग्नसराईच्या गडबडींत ही गोष्ट विसरूं नये. पहिल्या पावसापूर्वीं लस घेतलेली असावी.

कोणी थांबावें? ज्यास त्या दिवशीं चांगलाच ताप आहे त्यानें बरें होईपर्यंत थांबावें. ज्यास पूर्वीं याच लशीनें गंभीर त्रास झाला असेल, अथवा लशीनंतर हातपाय लुळे पडण्याचा विकार झाला असेल, त्यानें डॉक्टरांस तें आधीं सांगावें. आणि प्रत्येकानें आपल्या सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून बरोबर न्यावी. "एक पांढरी गोळी आणि एक पिवळी" एवढ्यानें डॉक्टरांस कांहीं कळत नाहीं.

शेवटीं, एवढी काळजी घेऊनहि फ्लू आलाच तर काय करावें? आमच्यासारखें करूं नये. इन्शुलिन आपल्या मनानें कधींहि बंद करूं नये. अन्न कमी गेलें तरी तापांत शरीरास त्याची गरज असतेच, मात्रा किती हें डॉक्टर सांगतील. वांत्या होत असल्या व पाणी टिकत नसलें, तर मेटफॉर्मिन, तसेंच लघवीवाटे साखर घालविणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, कांहीं दिवस थांबवाव्या लागतात. आठवड्याची पुढची सुईहि लांबवावी लागूं शकते. परंतु हा निर्णय त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारून व्हावा. फ्लूवरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालें तर अधिक गुण देतें, म्हणून "दोन दिवस वाट पाहूं" हें मधुमेह्यानें म्हणूं नये. दम लागला, गुंगी आली, अथवा वांति थांबेना, तर तात्काळ रुग्णालय गांठावें.

धर्मबंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें देऊळ उभारण्यास डोक्यावरून विटा वाहिल्या, त्यांपैकीं मोजकेच आज आपल्यांत पुढच्या बांकांवर बसले आहेत. ते आपली खरी संपत्ति आहेत. त्यांच्या घरीं आपण फळें घेऊन जातों, नातवंडें घेऊन जातों. आपल्या श्वासाबरोबर रोग घेऊन जाऊं नये, एवढी काळजी प्रत्येक तरुणानें व धडधाकट माणसानेंहि घ्यावी. ज्याच्या घरीं मधुमेही आजी अथवा आजोबा आहेत त्या घरांतील सर्वांनीं लस घ्यावी, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

आम्ही आतां दरवर्षीं मे महिन्यांत लस घेतों. ती घेतांना त्या वृद्ध गृहस्थांची आठवण येते, व त्यांच्यासाठीं एक प्रार्थना होते. उशिरा आलेलें शहाणपण त्यांच्या उपयोगी पडलें नाहीं; तुमच्या उपयोगी पडो. पुढच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही तुमच्या घरीं येऊं, तेव्हां ख्रिस्तशरीर दिल्यावर एकच प्रश्न विचारणार आहों: "लस घेतली काय?" उत्तर तयार ठेवा.

प्रभु आपणां सर्वांस आरोग्य व दीर्घायुष्य देवो.