एक प्रश्न, तीन ग्रंथ



व्यवस्थेसाठी ग्रंथांचे वर्ग पाडावे लागतात. इतिहासाचे कपाट निराळे, कादंबऱ्यांचे निराळे, सामाजिक विषयांचे निराळे. वाचकही बहुधा आपापल्या कपाटाशी एकनिष्ठ राहतो. जीवनाचे मात्र असे वर्ग नसतात. एकाच कालखंडातील, पण तीन कपाटांतले तीन ग्रंथ लागोपाठ वाचले, तर एकात सहज येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात व्यथा होऊन भेटते आणि तिसऱ्यात जाब विचारू लागते.

पहिला ग्रंथ विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेने कोकणातले हे गरीब भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. महू, ग्वाल्हेर, झाशी ही त्यांच्या वाटेवरची गावे माळव्यातील मराठी वाचकाला घरचीच. १८५८ मधील झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तेथील ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हकीकत ग्रंथप्रेमी माणसाला आजही अस्वस्थ करते. या वर्णनांच्या भरात एक लहानशी नोंद नजरेतून निसटते. पतिनिधनानंतर केशवपन केले नाही, म्हणून राणी लक्ष्मीबाई नित्य प्रायश्चित्त करीत. गोडसेभटजी हे सांगतात आणि पुढे जातात. त्यात त्यांना नवल वाटत नाही, खंतही वाटत नाही. रणांगणावर इंग्रजांना न जुमानणाऱ्या स्त्रीलाही मस्तकावरच्या केसांचा हिशोब धर्मशास्त्राला रोज द्यावा लागत होता.

दुसरा ग्रंथ हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ती क्रमशः घरोघरी पोहोचली. यमुना स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. तिचे केशवपन इच्छेविरुद्ध केले जाते. इतिहासात जी एक ओळ होती, तिचा येथे एका मुलीच्या वाट्याला आलेला दिवस होतो. ते घर, ती माणसे, तो आक्रोश वाचकाला टाळता येत नाही. कादंबरीचे हेच सामर्थ्य. तथापि करुणेलाही मर्यादा असते. वाचक डोळे पुसतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो.

तेथे तिसरा ग्रंथ हाती यावा लागतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून आदल्या वर्षी शिक्षा झाली होती आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोप चालले होते. त्यांना दिलेले हे उत्तर होय. पत्नी वारली म्हणून पुरुष स्वतःला विद्रूप करून घेतो काय, हा ताराबाईंचा रोकडा सवाल. त्या दया मागत नाहीत, कारण विचारतात. या धीट लेखिकेची बाजू जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून घेतली.

तिन्ही ग्रंथ लिहिले गेले ते अवघ्या दहा-बारा वर्षांच्या अंतराने. एकाच समाजातील एकाच रूढीकडे एक भिक्षुक, एक कादंबरीकार आणि एक स्त्री पाहत आहेत. नुसत्या इतिहासाने माहिती मिळते, नुसत्या कथेने गहिवर येतो, नुसत्या टीकेने त्वेष चढतो. तिन्ही एकत्र आली म्हणजे समज येते.

परंतु ती एकत्र येण्यास फार काळ जावा लागला. गोडसे यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापले, तेही संस्कारित स्वरूपात. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उजेडात आणला. ताराबाईंचा निबंध तर विस्मृतीतच गेला होता. स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत यमुनेसाठी रडणाऱ्या किती पिढ्यांना ताराबाईंचा प्रश्न ऐकूच आला नसेल! दोष त्या वाचकांचा नव्हता. पुस्तक हाताशी नव्हते.

शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथालयाने व त्याच्या आश्रयदात्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. जागेची अडचण खरी आहे, वाळवीही खरी आहे. वर्षानुवर्षे कोणी मागितले नाही म्हणून एखादे जीर्ण पुस्तक बाद करण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु देवघेवीच्या वहीत ज्याची नोंद नाही, ते पुस्तक निरुपयोगी ठरत नाही. कदाचित ज्याला ते हवे आहे, तो वाचक अद्याप यायचा असेल. त्याने पुढील शंभर वर्षांत कधीही यावे आणि पुस्तक जागेवर सापडावे, एवढी तजवीज करणे हेच ग्रंथालयाचे व्रत होय.