बोअर कुठलं घ्यावं?

एका बाजूला सेवाग्राम आणि दुसऱ्या बाजूला पुलगावचं दारूगोळ्याचं भांडार असलेल्या जिल्ह्यात मी बंदुकीवर बोलायला उभा आहे. बापूंची क्षमा मागूनच सुरुवात करतो.

गेल्या महिन्यात हिंगणीकडच्या एका पोरानं मला विचारलं, ‘काका, दोन-तीनशे मीटरवरून चितळ पाडायचं तर बोअर कुठलं घ्यावं?’ मी म्हटलं, चितळासाठी एकच बोअर, जेलचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शौकाच्या शिकारीला बंदी आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रोह्याला किंवा रानडुकराला मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. पोरगं हिरमुसलं. पण प्रश्न चांगला होता, म्हणून त्याला बसवून घेतलं.

आपल्याकडे परवान्यावर मिळणारी नेहमीची रायफल म्हणजे पॉइंट ३१५. लष्कराची पॉइंट ३०३ची काडतुसं चोरून बाहेर जातील या धास्तीनं इंग्रजांनी ते बोअर सामान्यांना बंद केलं, आणि त्यातून ही ३१५ आली. गोळी जड आणि सुस्त. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोनशे मीटर जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी गेलाच, आणि तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू चोपन्न सेंटीमीटर खाली येते. हातभरापेक्षा जास्त! तीनशे मीटरला सव्वा मीटरच्या वर. माशी वर धरून हे सावरता येतं, पण अंतर बिनचूक कळलं तरच. सोयाबीन कापल्यावर उघड्या पडलेल्या वावरात, तिन्हीसांजेला, दोनशे कुठलं अन् तीनशे कुठलं, हे मला तरी आजवर ओळखता आलेलं नाही. आणि चितळाच्या छातीतली नेमाची जागा वीतभर.

मग वेगवान बोअर घ्या म्हणतात. पॉइंट थर्टी-ओ-सिक्स. हे १९०६चं अमेरिकी लष्करी काडतूस, सेकंदाला आठशे मीटरच्या वर जाणारं. दोनशे मीटरला ते फूटभरच पडतं. हिशेब सोपा होतो, कबूल. पण पोराला मी विचारलं, गोळी चुकली तर थांबणार कुठं? त्यावर हूं नाही की चूं नाही. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. आपला मुलूख पहाडाचा नाही. वावराच्या मागे वावर, त्याच्या मागे पांदण, आणि पांदणीत जागलीला निघालेला कुणाचा तरी बाप.

शस्त्र कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक असावं. १९५९च्या कायद्यातलं तेरावं कलम वाचा. पिकाच्या राखणीसाठी त्यात नाव आहे ते तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीचं, भरमारीचं. संरक्षणाला किंवा खेळाला गुळगुळीत नळीची, किमान वीस इंची. रायफलीला आटे असतात, म्हणून ती लांब मारते. कायद्यानं शेतकऱ्याच्या हाती बिनआट्याचीच नळी दिली. लोक याला मागासपणा म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो. अर्थात परवान्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा हा वेगळा विषय आहे, त्यावर बोललो तर व्याख्यानमालेला आणखी एक दिवस वाढवावा लागेल.

अशा गुळगुळीत नळीचं बारा बोअर म्हणजे काय, तेही सांगतो. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा, आणि तसे बारा गोळे मिळून एक पौंड. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा बारीक. रायफलीचा आकडा मात्र इंचात. दुकानात दोन्ही भाषा एकत्र बोलल्या जातात आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

जुने जाणते अंतर वाढवत नसत, कमी करत. तुरीच्या कडेला चार बल्ल्यांचं मचाण, दहा-बारा फुटांचं. वारा कुठून येतो ते बघून बसायचं, बिडी बंद. डुक्कर तीस पावलांवर आलं की वरून खाली नेम. चुकली तरी गोळी काळ्या मातीत घुसते. त्या पोराला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, मग यात रायफलीचं काम काय?’ मी म्हटलं, आता कसं बोललास! आधी कुंपणाच्या तारेला झटका मशीन लाव.