टोलनाका, टॅग आणि आपले पासबुक

(समाजाच्या सभागृहातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला सांगितले की टोलवर बोला, पण रडगाणे नको. रडगाणे गाणार नाही. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे, आम्हाला हिशेब तेवढा येतो. तेव्हा हिशेबच मांडतो. मात्र सुरुवात आमच्याच घरातल्या एका फजितीपासून करावी लागेल.

२०२४च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला वडिलांच्या छातीत दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, वेळ घालवू नका, इंदूरला हलवा. गाडी काढली, क्षिप्रा ओलांडली आणि नाक्यावर आडवा दांडा काही वर जाईना. टॅग काळ्या यादीत! खात्यात पैसे होते, पण टॅग डिसेंबर २०१९चा आणि त्याची केवायसी अद्ययावत नव्हती. बँकेने दोनदा संदेश पाठवले होते, ते आम्ही वाचलेच नव्हते. दिवसभर दुसऱ्यांची केवायसी करणाऱ्या माणसाची ही अवस्था. मागे सात-आठ गाड्यांचे भोंगे, मागच्या सीटवर वडील, शेजारी आई गप्प. खिशातल्या नोटा काढून दुप्पट रक्कम भरली तेव्हा दांडा उठला. वडील पुढे बरे झाले, परमेश्वराची कृपा. पण ती चार मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. त्या मुलाशी भांडायलाही तोंड नव्हते, कारण चूक आमची होती.

आणि गंमत पाहा. ज्या गावात १९७४पासून बँक नोट प्रेस चालू आहे, ज्या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली बीएनपीच्या पगारावर पेटल्या, त्या गावच्या माणसाने नोट पुढे केली की नाक्यावर तो दंडास पात्र! टॅग सगळ्या मार्गिकांवर सक्तीचा झाला तो १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून. तेव्हापासून टॅग नसेल किंवा चालत नसेल तर दुप्पट. पुढे १५ नोव्हेंबर २०२५पासून त्यात फरक केला गेला : मोबाइलवरून यूपीआयने भराल तर सव्वापट, रोख द्याल तर दुप्पटच. म्हणजे नोटेचा मान आणखी एक पायरी खाली.

आमची टॅगबद्दल तक्रार नाही. पूर्वी मांगलियाच्या नाक्यावर सुट्या पैशांवरून जी खोळंबणी व्हायची, ती आठवली तरी डोके दुखते. आमची चिंता वेगळी आहे. पैसे हाताने मोजून देत होतो तेव्हा दर माहीत होता. एप्रिलमध्ये पाच रुपये वाढले की गाडीतच चर्चा व्हायची, घरी पोचल्यावर व्हायची, पानाच्या दुकानावर व्हायची, आणि नगरसेवक दिसला की त्यालाही ऐकवले जायचे. आता गाडी न थांबता जाते, पैसे गपचूप कापले जातात आणि आपणही गपचूप बसतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना इंदूरच्या एका खेपेचा आजचा दर सांगता येईल? हात वर करा म्हणत नाही, संकोच होईल. आम्ही शाखेत विचारून पाहिले. रोज जाणाऱ्या पाच जणांनी पाच वेगळे आकडे सांगितले.

आपल्या घराण्यांना हे शोभत नाही, असे आम्ही जरा स्पष्टच म्हणतो. आपण इथे पवारांबरोबर आलेली माणसे. धारचे राज्य एक, देवासला तर एकाच गावात दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. शेजारी होळकर, पलीकडे शिंदे. चार कोस गेले की हद्द बदलायची आणि हद्द बदलली की मालावर सायर, म्हणजे जकात, द्यावी लागायची. त्या नाक्यांचे हिशेब मोडीत कोणी लिहिले? आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांनी. कुणाच्या माळ्यावर अजून ती बाडे असतील. दुसऱ्यांच्या जकातीचा दमडी-दमडीचा जमाखर्च ठेवणाऱ्यांची नातवंडे आज स्वतःच्या खात्यातून काय गेले ते पाहत नाहीत.

उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. आपल्यातल्या एका काकांनी जुनी गाडी इंदूरच्या गिऱ्हाइकाला विकली. काचेवरचा टॅग तसाच राहिला, आणि तो थेट काकांच्या बचत खात्याला जोडलेला. नवा मालक आठ महिने मजेत फिरला. काका एकदा पासबुक भरायला आमच्या खिडकीवर आले, तेव्हा आम्हीच विचारले, "काका, या वयात आठवड्याला दोनदा अहमदाबादच्या रस्त्याने कुठे जाता?" काका आधी हसले, मग खाली बसले. गाडी विकताना टॅग बंद करायला बँकेला कळवावे लागते. हे काम आपले असते, विकत घेणाऱ्याचे नव्हे. मार्च २०२४मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेच्या टॅगमध्ये नवीन पैसे भरणे रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बंद झाले, तेव्हाही खूप जणांना आपला टॅग कोणत्या बँकेचा आहे हेच ठाऊक नव्हते.

आता मुख्य हिशेब. आपली तरुण मुले देवासला राहून इंदूरला नोकरीला जातात, धारची पिथमपूरला आणि इंदूरला. दुचाकीला टोल नाही, पण पावसाळ्यात आणि लग्न झाल्यावर बहुतेकांची चारचाकी येतेच. महिन्याला पंचवीस दिवस, जाऊन-येऊन पन्नास खेपा, वर्षाला सहाशे. सोयीसाठी एका खेपेचा दर ६० रुपये धरा. खरा दर नाक्यागणिक वेगळा असतो, आणि तो दरवर्षी १ एप्रिलला बदलतो.

प्रत्येक खेप सुटी भरली तर वर्षाला ३६,००० रुपये. चोवीस तासांच्या आत परत आलात तर जाणे-येणे मिळून दीडपट लागते, म्हणजे २७,०००. टॅग असला की ही सवलत आपोआप मिळायला हवी. मिळते की नाही ते उताऱ्यात पाहा. महिन्याला पन्नास खेपांचा मासिक पास दोन-तृतीयांश दरात असतो, वर्षाचे २४,०००. मग १५ ऑगस्ट २०२५ला खासगी मोटारींसाठी वार्षिक पास आला. ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० खेपा, जे आधी संपेल ते. साध्या नाक्यावर जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन खेपा मोजतात. म्हणून रोज जाणाऱ्याचा पास चार महिन्यांत संपतो आणि वर्षाला तीन लागतात. तरीही मूळ किमतीने ९,०००, म्हणजे खेपेला पंधरा रुपये. पासची किंमत पुढे बदलू शकते, तेव्हा घेताना पाहून घ्या.

३६,००० कुठे आणि ९,००० कुठे! हा फरक माहितीचा आहे. घरात एक माणूस संध्याकाळी अर्धा तास बसला तर वर्षाचे सत्तावीस हजार वाचतात. एवढ्यात मुलीच्या कॉलेजची फी निघते.

याहून स्वस्त एक पास आहे आणि त्याची पाटी सहसा कुणी वाचत नाही. २००८च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत अशी तरतूद आहे की नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला, गाडी व्यापारी वापराची नसेल तर, स्थानिक मासिक पास मिळतो. २००७-०८चा पाया १५० रुपये होता, दरवर्षी वाढत २०२५-२६साठी तो ३५० झाला. वर्षाचे ४,२००. अट एकच अवघड आहे : पर्यायी रस्ता किंवा सेवारस्ता उपलब्ध असेल तर हा पास देत नाहीत. ए.बी. रोडला लागून आपल्या वस्त्या पसरल्या आहेत, तेव्हा कोणते घर २० किलोमीटरच्या आत येते ते नकाशावर मोजा आणि अर्ज लेखी द्या. तोंडी विचारले की तोंडी नकार मिळतो, आणि तोंडी नकारावर अपील होत नाही.

आता राजकारणाकडे येतो, नाहीतर संपादक म्हणतील पत्रिकेचे नाव तरी राखा.

वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्गांसाठी आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांसाठी आणला गेला. देवासहून इंदूरला जाणाऱ्याला तो उपयोगी. धारहून मेठवाड्याच्या नाक्यावरून इंदूरला जाणाऱ्यालाही उपयोगी. पण तोच देवासकर भोपाळच्या रस्त्याला लागला, किंवा धारकर लेबडच्या चौफुलीवरून रतलाम-जावऱ्याकडे वळला, की रस्ता राज्याचा, आणि पासचा कागद कोरा. टॅग तोच, यंत्र तसेच, सरकारला कर देणारा माणूसही तोच. मग सवलत हद्दीवर का अडते? आम्हाला तर थोरल्या आणि धाकट्या पातीची आठवण येते. तेव्हा दोन राजे होते, निदान कारण तरी होते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पुढच्या निवडणुकीत जो कोणी आपल्या दारात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला दोन प्रश्न विचारावेत. राज्याच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांसाठी असाच पास आणण्याला तुमचा पाठिंबा आहे का? आणि त्या रस्त्यांवर बांधणीला किती खर्च आला, आजवर किती वसूल झाले, किती वर्षे राहिली, हा हिशेब नाक्यावरच मोठ्या पाटीवर लावायला लावाल का? आपली मते थोडी आहेत, हे आम्ही जाणतो. देवासच्या मतदारयादीत आपण किती, धारच्या किती, त्यावर कुणाचे सरकार येत-जात नाही. पण दर वेळी फुले-हार आणि गणपतीची वर्गणी मागून आपण त्यांना मोकळे सोडतो, आणि ते खुशीने मोकळे होतात. एकदा आकडे मागून पाहू.

एक गोष्ट राहिली. मे २०१८ची अधिसूचना आहे : टॅग चालू आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत, आणि तरी नाक्याचे यंत्र वाचत नाही, तर पैसे न घेता गाडी सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. तिथला मुलगा हातातले यंत्र घेऊन पुढे येईल, काच पुसा म्हणेल, गाडी मागे घ्या म्हणेल. शांतपणे सांगा. तो पगारी मुलगा आहे, त्याच्यावर ओरडून काही होत नाही. त्याच्या पर्यवेक्षकाला बोलवा. नाही ऐकले तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे. चुकीने कापले असेल तर ज्या बँकेचा टॅग, तिच्याकडे तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. क्रमांकाशिवाय तक्रार म्हणजे आमच्या बाजूने टेबलावरची धूळ, हे आम्ही आतल्या गोटातले म्हणून सांगतो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात आम्ही आणि बँकेतले आणखी दोन मित्र बसणार आहोत. टॅग कोणत्या बँकेचा, केवायसी पुरी आहे का, विकलेल्या गाडीचा टॅग चालू राहिला आहे का, एवढे तपासून देऊ. येताना गाडीचे आरसी पुस्तक, आधार, टॅगला जोडलेला मोबाइल आणि गेल्या सहा महिन्यांचा उतारा आणावा. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी एकटी आहेत आणि मुले पुण्याला किंवा परदेशी, त्यांनी नुसता निरोप पाठवला तरी आम्ही घरी येऊ. धारच्या मंडळींसाठी त्याच्या पुढच्या रविवारी येतो, जागा त्यांनी ठरवावी. चहा मात्र धारकरांकडे.