पाव हिश्श्याची मालकी



निवडणुका जवळ आल्या की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "चार वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." आम्ही बेळगावकर. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या गावात आहे. जवानाबद्दलचा आदर आम्हाला कुणी शिकवायला नको. पण या वाक्याचे उत्तर शोधायचे तर ब्रह्मदेशाकडे, म्हणजे आजच्या म्यानमारकडे, पाहावे लागते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, तोच हा देश.

तिथे १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९९० ची निवडणूक आंग सान स्यू ची यांच्या पक्षाने जिंकली, तर निकालच गुंडाळून ठेवला. पुढे लष्कर अधिक हुशार झाले. त्याने २००८ मध्ये आपल्या सोयीची राज्यघटना आणली. नर्गिस चक्रीवादळाला आठवडा झाला नाही तोच त्यावर जनमत घेतले! संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ जागा सरसेनापतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांना. महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते हवीत. आता हिशेब करा. निवडून आलेले सर्वच्या सर्व ४९८ सभासद एकदिलाने उभे राहिले तरी भरतात बरोबर ७५ टक्के. गणवेशातले एक मत मागावेच लागणार. शिवाय गृह, संरक्षण आणि सीमा ही खाती सरसेनापतीच्या पसंतीच्या माणसांकडे. म्हणजे पोलीसही त्यांचेच. चार वर्षांसाठी दिलेली सत्ता परत मिळते ती अशी.

२०१५ मध्ये स्यू ची प्रचंड बहुमताने आल्या. सेनापतींना सांभाळून घेतले की ते हळूहळू मागे सरतील, असा त्यांचा होरा असावा. डिसेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्या स्वतः देशाची, पर्यायाने लष्कराची, बाजू मांडायला गेल्या. आमच्या मते त्यांनी आयुष्यभराची पुण्याई तिथे खर्ची घातली, आणि पदरात काय पडले? २०२० मध्ये हा पाव हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दुरुस्ती त्यांच्या पक्षाने मांडली, ती पडली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरायची त्याच दिवशी पहाटे, त्यांना अटक झाली.

इंडोनेशियातही सुहार्तोंच्या काळी संसदेत ५०० पैकी १०० जागा लष्कराच्या होत्या. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले. घटनादुरुस्ती अडवण्याइतकी मते लष्कराच्या हाती नव्हती. १९९९ मध्ये ३८ जागा उरल्या, २००४ पासून एकही नाही. तरी मार्च २०२५ मध्ये तिथे कायदा बदलून सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना आणखी काही मुलकी खात्यांची दारे उघडली, तेव्हा विद्यार्थी लगेच रस्त्यावर उतरले.